एअर रायफलीचा साडेतीन किलोचा चाप दीड किलोवर आला: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांच्या कामाचा रिव्ह्यू

आधी आकडे सांगतो, मग बाकीचं. माझ्याकडं देशी बनावटीची ब्रेक बॅरल (मधे मोडून नळी खाली ओढायची) एअर रायफल आहे, ४.५ मिमी, स्प्रिंग-पिस्टनवाली, लायसन न लागणाऱ्यातली. वजन भरतंय ३ किलो १०० ग्रॅम. आणि तिचा चाप ओढायला लागणारा जोर होता ३.४ किलो. म्हणजे रायफल जेवढी जड, त्याच्यापेक्षा तिचा चाप जड. काम करून घेतल्यावर तोच चाप १.५ किलोवर आलाय, आणि चार महिन्यात बाराशे-तेराशे छर्रे मारून झाले तरी तिथंच थांबलाय. खर्च सगळा मिळून ९४० रुपये.

रायफलीच्या कंपनीचं नाव टाकत नाही, कारण या किमतीतल्या बऱ्याच रायफलींच्या चापाची रचना थोड्याफार फरकानं अशीच असते, एकाच कंपनीला धरण्यात अर्थ नाही. आणि मामांचं नाव-नंबर टाकायला त्यांनीच नको म्हटलंय, त्यांचं मूळ काम पंपाचे पार्ट आणि बुश-पिना करायचं, त्यातनंच त्यांना सवड नसते. पण हे काम कोणत्याही चांगल्या लेथवाल्याकडनं करून घेता येईल, फक्त त्याला काय सांगायचं आणि काय करू द्यायचं नाही हे आपल्याला माहीत पाहिजे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

रायफल घेतली ती मुख्यतः पुतणीसाठी. आठवीत आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं त्या दिवशी आमच्या गल्लीत सगळे टीव्हीपुढं बसलेले, आणि तेव्हापासनं हिच्या डोक्यात रायफल बसली. कोल्हापूरला नेमबाजी काय नवीन नाही म्हणा, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, राही सरनोबत २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात गोल्ड घेऊन आल्या, त्यामुळं पोरगी नेमबाजी करत्या म्हटलं की इथं कोण कपाळाला आठ्या घालत नाही. पण मॅचची एअर रायफल म्हणजे लाखांची गोष्ट, ती काय सुरुवातीलाच घेता येत नाही. म्हटलं आधी वर्षभर घरच्या मागच्या शेडमध्ये १० मीटरवर श्वास, थांबणं, चाप ओढणं एवढं तरी अंगात मुरू दे. म्हणून ही घेतली.

पहिल्या दिवशीच कळालं की जे शिकायचं तेच या रायफलीवर शिकता येणार नाही. चाप ओढायला लागली की तिच्या मनगटापासनं खांद्यापर्यंत सगळं आवळायचं. वीस छर्रे झाले की बोटाच्या पेरावर लाल वळ. आणि कागदावर छर्रे उजवीकडं खाली पसरलेले. मी स्वतः मारून बघितली तर माझंही तेच, फक्त थोडं कमी. रायफल तीन किलोची आणि बोट तिला साडेतीन किलोनं मागं खेचतंय, मग ती हलणारच, त्यात पोरीची काय चूक नाही. हे मी मुद्दाम लिहितोय कारण बरेच जण पोराला सांगतात, "जोर लाव, सवय होईल." सवय होते, पण ती झटका मारायची सवय होते, आणि ती पुढं मोडायला दोन वर्षं जातात.

आता जोर मोजायचा कसा. गावाला जाताना बॅग तोलायचा जो डिजिटल काटा मिळतो, हुकवाला, दोन-तीनशे रुपयांचा, तो बास. चापाच्या मधोमध, जिथं बोट टेकतं तिथं दोरीचा फास घालायचा, काटा त्याला अडकवायचा आणि सरळ मागं सावकाश ओढायचं, सुटला त्या क्षणाचा आकडा बघायचा (मी मोबाईलवर व्हिडिओ काढून बघितला). रायफल वाळूच्या पोत्यावर बांधलेली, नळी वाळूच्या पेटीकडं, आणि आत छर्रा घातलेला. छर्रा घालायचाच. रिकामी स्प्रिंगर (म्हणजे अशी स्प्रिंगवाली रायफल) मारायची नसते, छर्रा नसला की पिस्टनपुढं हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आदळतो, सील आणि स्प्रिंग दोन्हीची वाट लागते. असे दहा वेळा मोजले. सगळ्यात कमी ३.०, सगळ्यात जास्त ३.९. मला ३.४ च्या सरासरीपेक्षा हा ३.० ते ३.९ चा फरक जास्त खटकला. जड पण दर वेळी सारखा असेल तर माणूस जुळवून घेतो, हा तर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी सुटायचा.

कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की ५०० छर्रे मारा, रुळेल आणि हलका होईल. मारले. ३.७ होता तो ३.४ झाला, तोच वर लिहिलेला आकडा. त्याच्यापुढं हलका झाला नाही.

मग मी स्वतः एक प्रयोग केला, तो कुणी करू नका. दस्ता काढला की खालनं चापाची छोटी परत आणणारी स्प्रिंग दिसते, ती काढून बॉलपेनची स्प्रिंग कापून बसवली. वाटलं स्प्रिंग हलकी म्हणजे चाप हलका. जोर आला ३.१, म्हणजे फक्त तीनशे ग्रॅम कमी, आणि एकदा चाप सोडल्यावर तो पूर्ण पुढं आलाच नाही, मधेच राहिला. चाप पूर्ण परत आला नाही म्हणजे आत सिअर (पिस्टन अडवून धरणारी पट्टी) पूर्ण अडकला नाही, म्हणजे अशी रायफल लोड करताना हातात सुटू शकते. त्याच क्षणी ती स्प्रिंग काढून जुनी घातली. पण एक गोष्ट पक्की झाली, जड चापाचं मूळ त्या छोट्या स्प्रिंगमध्ये नाही.

मूळ कुठं आहे ते थोडं समजावून सांगतो. रायफल मोडून नळी खाली ओढली की पिस्टन मागं जातो, मेन स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टनच्या खाचेत एक लोखंडी पट्टी अडकते, तो सिअर. मेन स्प्रिंगचा सगळा रेटा त्या सिअरवर येतो आणि त्याला चापाचं टोक टेकू देऊन उभं असतं. आपण चाप ओढतो म्हणजे एवढ्या रेट्याखालचा तो टेकू घासत घासत बाहेर सरकवतो. दोन्ही पृष्ठभाग खरबरीत असतील, कोरडे असतील, वाकडे टेकत असतील तर जोर वाढतो आणि सरकणंही गचके देत होतं. महागड्या रायफलीत हा रेटा दोन-तीन लिव्हरमधनं वाटून कमी कमी करत बोटापर्यंत आणलेला असतो, जर्मनीच्या वाइराउखचा रेकॉर्ड ट्रिगर त्यासाठीच नावाजलेला आहे. बजेट रायफलीत ती चैन नाही. तिथं हाताशी काय उरतं तर घर्षण कमी करणं आणि पट्ट्या सरळ टेकवणं.

हे डोक्यात घेऊन उद्यमनगर गाठलं. ओळखीच्या फौंड्रीवाल्यानं या मामांकडं पाठवलं. वय साठच्या पुढं, चष्मा कपाळावर, दुकान म्हणजे दोन लेथ, एक ग्राइंडर आणि एक ड्रिल मशीन. बिलाची कॉपी आणि कव्हरमधली रायफल बघून आधी त्यांनी हातच लावला नाही.

"भावा, बंदुकीचं काम मी करत नाय."

म्हटलं मामा, ताकद वाढवायची नाही, काहीच वाढवायचं नाही, फक्त दोन पट्ट्या आणि तीन पिना सरळ बसवून पाहिजेत, आणि हिची ताकद २० जूलच्या आतच आहे, हिला लायसन लागत नाही. कागद नीट वाचले, मग म्हणाले, "पिना म्हणतोस तर बघूया."

इथं एक गोष्ट ठळकपणे सांगतो. चापाच्या पिना ठोकून काढायच्या आधी मेन स्प्रिंगला आधार पाहिजेच. बऱ्याच रायफलीत तीच पिन किंवा मागचा तोच ठोकळा स्प्रिंग अडवून धरत असतो, आणि कॉक नसतानासुद्धा (म्हणजे नळी ओढून चढवलेली नसताना) स्प्रिंग दाबलेलीच असते, पिन निघाली की सगळं मागं फेकलं जातं, तोंडावर आलं तर डोळा गेला. मामांनी सुतारी शिकंजा घेतला, लांबीत रायफल त्यात धरली, मागनं लाकडाचा ठोकळा लावून अर्धा आटा आवळला, मग पिन काढली आणि शिकंजा सावकाश सैल करत स्प्रिंग बाहेर घेतली. स्वतः घरी करायला ज्याच्याकडं शिकंजा नाही त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवावा.

मग बघण्यासारखं काम झालं. मामांनी सिअर उजेडात धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि माझ्याकडं दिलं. आठ मिमी रुंद पट्टी, आणि घासून चमकलेली जागा फक्त डाव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी. बाकी पृष्ठभागावर कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या आडव्या रेघा तशाच कोऱ्या.

"पूर्ण रुंदीनं टेकतच नाय बघ, सगळा लोड कोपऱ्यावर घेत्या."

का घेत्या ते मग मापात सापडलं. पिन ३.९ मिमी आणि भोक ४.१, तेही गोल नाही, लंबगोल झालेलं. पिना म्हणजे साधी मऊ तार कापलेली. शिवाय पट्ट्यांच्या दोन्ही बाजूला मोकळी जागा, बोटानं हलवली की खुळखुळायची. त्यामुळं प्रत्येक वेळी पट्टी वेगळ्या कोनात तिरकी व्हायची, म्हणून कधी ३.० तर कधी ३.९. पाचशे काय पाच हजार छर्रे मारले असते तरी ते रुळलं नसतं, उलट भोकं अजून मोठी झाली असती.

काय केलं ते सांगतो. भोकं रीमर फिरवून गोल केली आणि त्या मापाच्या पिना सिल्व्हर स्टीलच्या दांडीतनं लेथवर काढल्या, अंगठ्यानं दाबली की आत जाईल पण हलणार नाही अशा. पट्ट्यांच्या बाजूची मोकळी जागा पितळी शिमच्या चकत्या घालून भरली. एवढं झाल्यावर सिअरवर मार्करची काळी रेघ फिरवली, तात्पुरतं जोडून हातानं दोनदा चालवलं आणि परत बघितलं तर काळा रंग जवळजवळ पूर्ण रुंदीत पुसलेला. अजून पॉलिश केलंच नव्हतं, फक्त सरळ बसलं होतं.

पॉलिशच्या वेळी मात्र मी तिथंच उभा राहिलो, कारण बहुतेक रायफलींची वाट इथंच लागते. सिअरच्या तोंडाला वरचा पातळ थरच कडक केलेला असतो, आतलं लोखंड मऊ. मामांनी आधी कानशीचा कोपरा पट्टीच्या मागच्या भागावर ओढला, चावली नाही, घसरली. "कडक हाय, पण थर किती ते सांगता येत नाय, म्हणून कानस लावायची नाय." हे मला सांगायला लागलं नाही, त्यांनीच म्हटलं आणि तिथंच माणूस कळाला. जाड काचेवर १५०० चा पॉलिश पेपर चिकटवला, त्यावर तेलाचे दोन थेंब, आणि पट्टी सपाट धरून मोजून वीस-पंचवीस वेळा सावकाश ओढली, कोन जराही बदलू न देता. नुसत्या रेघा जाईपर्यंत. मग २००० चा पेपर. चापाच्या टोकालाही तेच. ज्यांनी कानशीनं सिअर कमी केलाय किंवा खाच उथळ केलीय त्यांची रायफल पहिल्या दिवशी लोण्यासारखी चालते, मग थर फाटतो, मऊ लोखंड गोल होतं, आणि एक दिवस नळी उघडी असताना सिअर सुटतो. नळी चाबकासारखी वर येते आणि मधे छर्रा घालणारी बोटं असतात. म्हणून लोड करताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवायची हा नियम आमच्याकडं काम व्हायच्या आधीपासनं आहे आणि आताही आहे.

शेवटी मोली ग्रीस, म्हणजे मोलिब्डेनमवालं काळं ग्रीस, काडीपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढंच, फक्त घासणाऱ्या जागी आणि पिनांना. जास्त लावलं तर त्यात धूळ बसत्या. कंपनीनं आतमध्ये काही लावलेलंच नव्हतं, कोरडं होतं. परत आणणारी स्प्रिंग मी ४० रुपयांची दुसरी घेतली होती, मूळपेक्षा जरा हलकी पण चाप पूर्ण पुढं ढकलणारी, ती बसवली.

जोडल्यावर तपासणी. छर्रा घालून कॉक केली, नळी वाळूच्या पेटीत, आणि रबरी हातोडीनं दस्त्याच्या मागं, बाजूला, वर असे टोले. मग दस्ता रबरी मॅटवर आपटून. वीस वेळा. एकदाही सुटली नाही. ही तपासणी न करता कुणाच्याही हातात सुधारलेली रायफल देऊ नका, लहान मुलांच्या तर अजिबात नाही.

काट्यावर दहा रीडिंग घेतली: १.४ ते १.६. हे बघून मला जे समाधान वाटलं ते १.५ च्या सरासरीमुळं नाही, त्या दोनशे ग्रॅमच्या फरकामुळं. आता चाप कुठं सुटणार हे बोटाला माहीत असतं.

चापाची लांब चाल पूर्ण गेलेली नाही, अजून सुटायच्या आधी साधारण दोन मिमी सरकतो. मी मामांना म्हटलं स्क्रू आत घेऊन ती पण कमी करूया का, तर स्पष्ट नाही म्हणाले, एवढा टेकू राहिलाच पाहिजे. त्यांचंच बरोबर. मॅचच्या एअर रायफलीचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात, नियमात १० मीटर एअर रायफलला कमीत कमी वजनाची अट पण नाही (एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची आहे), पण त्या ट्रिगरची रचनाच वेगळी. अशा साध्या सिअरवर मी तरी एक किलोच्या खाली जाणार नाही.

कागदावर काय फरक पडला: १० मीटर, टेकू लावून, तेच छर्रे, पाच-पाचचे ग्रुप. आधी ३५ ते ४० मिमी यायचे, आता १६ ते २०. मॅचचं पूर्ण टार्गेट ४५.५ मिमीचं असतं आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा, त्यामुळं १६ म्हणजे काय फार भारी असं नाही, स्प्रिंगरचा झटका असतोच. पण रायफलीची नळी तीच, दुर्बीण नाही, काही नाही, फक्त चाप. पुतणीचा फरक जास्त आहे. आधी वीसला थांबायची, आता मॅचसारखे साठ छर्रे मारते, मधे पाणी पिऊन. पहिल्या दिवशी पाच मारले आणि वळून विचारलं, "काका, दुसरी रायफल आणली काय?"

तक्रारी दोन आहेत. मामांनी दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले, रोज फोन केला की "उद्या ये". आणि शिकंज्याचा जबडा नुसता लोखंडी असल्यानं नळकांड्यावर नखाएवढा ओरखडा आला, काळं निघालं. चामड्याचा तुकडा किंवा जुन्या ट्यूबचं रबर आपणच घेऊन जायचं, मी पुढच्या वेळी नेणार. मजुरी ७०० घेतली, त्यात पिना, चकत्या, पॉलिश आणि स्प्रिंग दाबून परत जोडणं सगळं आलं, ग्रीसची ट्यूब २०० ला माझी मी आणली, तिच्यातलं अजून ट्यूबभर शिल्लक आहे. कामाला पाचपैकी साडेचार. रायफलीला मूळ चापासकट मी दोन दिले असते, आता साडेतीन.

ज्यांची वॉरंटी चालू आहे त्यांनी आधी कंपनीकडंच पाठवावी, उघडली की वॉरंटी गेली. ज्यांचा चाप आधीच दोन किलोच्या आत आणि रीडिंग सारखी येतात त्यांनी उघडूच नये, ग्रीसचा एक ठिपका बास. आणि ज्यांना पाखरं मारायला हलका चाप पाहिजे त्यांना माझ्याकडनं काही मदत नाही, तो गुन्हा आहे आणि माझ्या शेडमध्ये फक्त कागद लागतो. रायफल नेता-आणताना कव्हरमध्ये, कॉक न केलेली, बिलाची कॉपी बरोबर, एवढं पाळलं तर रस्त्यात अडचण येत नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काटा लावून दहा रीडिंग घेतो आणि शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवतो. चार महिन्यांचे आकडे १.५, १.५, १.४, १.५. परवा चुलत भाऊ त्याची रायफल घेऊन आला होता, तिचं आलं ४.१. सोमवारी तिला घेऊन मामांकडं जायचंय, या वेळी ट्यूबचं रबर बरोबर घेऊन.